मॉल ओस पडतो तो कसा? बर्डीच्या गर्दीमागचं गणित

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीत, शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास व्हेरायटी चौकातून लोहापुलाकडे निघा. बर्डीच्या मेन रोडवर चालायची फारशी मेहनत करावी लागत नाही, मागून येणारी गर्दीच पुढे ढकलते. हातगाडीवर टी-शर्टचा ढीग, शेजारी चपला, मोबाईलची कव्हरं, केसांच्या क्लिपा, भाव पाडल्याशिवाय न हलणाऱ्या काकू आणि "घेऊन टाका ना ताई, शेवटचाच पीस आहे" म्हणणारा पोरगा. आता याच भागातल्या एखाद्या जुन्या एसी मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बघा. सरकता जिना बंद असतो, लोक त्याच्यावरून साध्या जिन्यासारखे चढतात. चार दुकानं उघडी, सहा बंद. बंद दुकानांच्या काचेवर आतून चिकटवलेला ‘भाड्याने देणे आहे’चा कागद उन्हानं पिवळा पडलेला, आणि त्यावरच्या मोबाईल नंबरातले दोन आकडे पुसट झालेले.

ग्राहक दारात उभा आहे, तरी इमारत रिकामी. हे कसं होतं?

"ऑनलाइननं खाल्लं," असं उत्तर कोणीही देईल. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंसुद्धा उत्तर नाही. ऑनलाइननंच दुकानं मरत असती, तर मॉलच्या आधी बर्डीचा रस्ता मेला असता. टी-शर्ट, चपला आणि मोबाईल कव्हर यांच्याइतकं ऑनलाइन दुसरं काय विकलं जातं? रस्ता तर टिकून आहे. म्हणजे घोळ मालात नाही, इमारतीच्या हिशेबात आहे. तो हिशेब समजला की कुठल्याही मॉलमध्ये अर्धा तास फिरून त्याची तब्येत ओळखता येते.

ही कल्पना मुळात कोणाची

आज आपण ज्याला मॉल म्हणतो, ते चारही बाजूंनी बंद, वातानुकूलित प्रकरण पहिल्यांदा १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एडायना इथं उभं राहिलं. नाव साउथडेल. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. अमेरिकेत उपनगरं पसरली होती, माणसं घरातून गाडीत आणि गाडीतून दुकानात जात होती. एकमेकांना भेटतील असा चौकच उरला नव्हता. ग्रुएनला तसा चौक छताखाली बांधायचा होता. झालं भलतंच. मॉलनं उपनगरातली माणसं ओढली आणि जुन्या शहरांचे मध्यवर्ती बाजार ओस पडले. पुढे ग्रुएननं स्वतःच या पोराशी आपलं नातं नाही म्हणून हात झटकले.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेतला मॉल गावाबाहेर, स्वस्त जमिनीवर, मैदानाएवढं पार्किंग घेऊन उभा राहिला. त्याच्या दारात दुसरं दुकान नव्हतं.

आपल्याकडे १९९९ मध्ये दिल्लीत अन्सल प्लाझा आणि मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाले. क्रॉसरोड्समध्ये सुरुवातीला गर्दी आवरण्यासाठी मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा नियम होता. लोक चिडले, नियम गेला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मॉलची लाट नागपूरसारख्या शहरांपर्यंत आली. आपल्या बिल्डरांनी मात्र तो बांधला ऐन शहरात. बर्डी, रामदासपेठ, गांधीसागरचा परिसर. विचार असा की गर्दी तर तिथंच आहे. हे खरं होतं. पण तिथं जमीन सोन्याच्या भावाची, पार्किंगला जागा बेताची, आणि दारात शंभर वर्षांचा मुरलेला बाजार.

दिवस भरात असताना

त्या काळात सगळे वारे मॉलच्या बाजूनं होते. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना पहिल्या काही वर्षांसाठी करमणूक करात मोठी सूट दिली. एका पडद्याची थिएटरं कर भरत होती आणि मल्टिप्लेक्सला माफी, त्यामुळे बिल्डरला मल्टिप्लेक्स हवं झालं. आणि मल्टिप्लेक्स आलं की त्याच्याभोवती दुकानांचे मजले आलेच. नागपूर हे नोकरदारांचं गाव. सहाव्या वेतन आयोगाचा फरक २००८-०९ नंतर हातात पडू लागला, तो मोबाईल, एलसीडी टीव्ही आणि ब्रँडेड जीन्समध्ये जिरला. मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पामुळे शहर कुठल्या कुठे जाणार, असं प्रत्येक पानठेल्यावर ऐकू येत होतं, आणि जमिनीचे भाव त्या ऐकीव गोष्टींवरच चढत होते.

रामदासपेठेतलं बिग बझार आठवतंय का? २६ जानेवारीचा ‘सबसे सस्ता दिन’ असला की पाच किलो साखर आणि तेलाच्या डब्यांसाठी लोक ट्रॉल्या एकमेकांवर आदळत. वर्धा, भंडारा, काटोलकडून आलेले पाहुणे ‘सरकता जिना’ बघायला नेले जात. एखादी आजी पहिल्या पायरीपाशी थबकायची, मागं रांग लागायची आणि नातू हात धरून म्हणायचा, "आजी, टाक ना पाय!" नागपूरचा उन्हाळा हाही मॉलचा बिनपगारी जाहिरातदार होता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फुकटात गारवा मिळणारी दुसरी जागा कोणती?

इथंच एक फसगत लपलेली होती. मॉलच्या दारावर गार्ड हातातलं यंत्र टिचकवत माणसं मोजतो, त्या आकड्याला फूटफॉल म्हणतात, आणि बिल्डर तो आकडा दाखवून दुकानदारांना गाळे देतो. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत आलेली सगळी माणसं गिऱ्हाईक नसतात. दुकानदाराच्या कामाचा आकडा वेगळा: बाहेर पडताना किती जणांच्या हातात पिशवी आहे? कॉलेजची पोरं चार तास बसून एक कोल्ड कॉफी चौघांत पितात. त्यांचं काही चुकत नाही. गाळ्याचं भाडं मात्र त्या कॉफीतून निघत नाही.

मोठा भाडेकरू कमी का भरतो

मॉलमधली सगळी दुकानं सारख्या दरानं भाडं देत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हायपरमार्केट, मोठं कपड्यांचं दालन आणि मल्टिप्लेक्स यांना अँकर म्हणतात. ते हजारो फूट जागा घेतात आणि प्रतिफूट भाडं सगळ्यात कमी देतात. कारण लोक त्यांच्यासाठी घरून निघतात. लहान गाळेवाला, म्हणजे चष्मे, घड्याळं, पर्स, खेळणी विकणारा, प्रतिफूट कितीतरी पट जास्त देतो. तो अँकरकडे आलेल्या गर्दीचीच किंमत मोजत असतो. इमारतीचा नफा येतो या लहानांकडून.

म्हणून नकाशा ठरवताना मल्टिप्लेक्स आणि फूड कोर्ट सगळ्यात वर ठेवतात. जाता-येता माणूस चार मजले दुकानांपुढून गेला पाहिजे. कागदावर हे झकास दिसतं. प्रत्यक्षात नागपूरकर बेसमेंटमध्ये गाडी लावतो, लिफ्टनं थेट वर जातो, सिनेमा बघतो, लिफ्टनं थेट खाली येतो, आणि खायला बाहेर टपरीवर जातो. जिथं लिफ्ट सोयीची आणि सरकता जिना कोपऱ्यात, तिथं मधले मजले पहिल्या वर्षापासून उपाशी राहतात. हे नकाशातलं चुकणं नंतर कशानंच भरून निघत नाही.

आणि अँकर गेला तर? मोठ्या ब्रँडच्या करारात बरेचदा अशी अट असते, की अमुक अँकर बंद झाला किंवा इतके टक्के दुकानं रिकामी झाली तर आमचं भाडं कमी होईल किंवा आम्ही मुदतीआधी निघू. लहान दुकानदाराच्या करारात ती नसते. त्याला लॉक-इन असतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी निघता येत नाही, डिपॉझिट अडकलेलं असतं, फर्निचरमध्ये पैसे घातलेले असतात. त्यामुळे गळतीची सुरुवात वरून होते आणि सगळ्यात शेवटी अडकून राहतो तो सगळ्यात महाग भाडं भरणारा.

मेन्टेनन्स नावाचा भोवरा

आता गाभ्याशी येऊ. कुठल्याही हाउसिंग सोसायटीत राहिलेल्या माणसाला हे पटकन कळेल: लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉचमन यांचा खर्च घरांत वाटला जातो, आणि चार घरांनी हात वर केले की उरलेल्यांच्या माथी बसतो. मॉलमध्ये हाच प्रकार, फक्त आकडे मोठे. मध्यवर्ती एसी, सरकते जिने, जनरेटर, आग विझवण्याची यंत्रणा, सफाई, सुरक्षा. भाड्याव्यतिरिक्त दर महिन्याला प्रतिफूट मेन्टेनन्स वसूल होतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी.

समजा, शंभर सारख्या गाळ्यांचा मॉल आहे आणि महिन्याचा सामायिक खर्च दहा लाख. गाळ्याला दहा हजार. आता चाळीस गाळे रिकामे झाले. एसी चाळीस टक्के कमी चालवता येतो का? नाही. मधला मोठा चौक तेवढाच राहतो, थंडावा सगळीकडे सारखाच सोडावा लागतो. सरकता जिना चाळीस टक्के कमी फिरत नाही. खर्च जवळपास दहा लाखच. उरलेल्या साठ जणांवर तो वाटला तर गाळ्याला साडेसोळा हजारांच्या वर जातात. विक्री मात्र घटलेली, कारण शेजारची चाळीस शटरं बघून गिऱ्हाईक मजल्यावर वळतच नाही. मग आणखी दहा जण जातात. आता उरलेल्या पन्नास जणांवर वीस हजार.

प्रत्यक्षात व्यवस्थापन दर इतका वाढवू शकत नाही, दुकानदार सरळ भरणं थांबवतात. म्हणून ते दुसरं करतं: खर्च कापतं. आधी दुपारी एसी बंद. मग एका बाजूचा सरकता जिना बंद. मग एकाआड एक ट्यूबलाइट. स्वच्छतागृहाला कुलूप आणि "वरच्या मजल्यावर जा" अशी पाटी. यातल्या प्रत्येक कपातीनं त्या महिन्याचे पैसे वाचतात आणि पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक कमी होतं. मेमध्ये ज्या गारव्यासाठी लोक येत होते तोच काढून घेतल्यावर मॉलमध्ये आणि गोदामात फरक काय राहिला? नागपुरात तर ही कपात इतरांपेक्षा लवकर बोचते.

विकलेला मॉल आणि भाड्यानं दिलेला मॉल

पण हा भोवरा काही मॉलना गिळतो, काहींना नाही. माझ्या मते फरक पाडणारी सगळ्यात मोठी गोष्ट एकच: गाळे विकले होते, की सगळी इमारत एकाच्या ताब्यात ठेवून भाड्यानं दिली होती.

मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल झाला. कंपनीनं मालकी आपल्याकडे ठेवली. कोणत्या मजल्यावर कोण, कोणाला काढायचं, कोणासाठी भिंत पाडायची, हे एक डोकं ठरवतं. कपड्यांची पाच दुकानं एका रांगेत आली आणि एकमेकांना खाऊ लागली तर दोन हलवता येतात. वर्षभर भाडं न देणाऱ्या पण गर्दी खेचणाऱ्या एखाद्याला सवलतीत बसवता येतं, कारण त्याचा फायदा बाकीच्या भाड्यांतून परत मिळतो.

लहान शहरांतल्या बिल्डरकडे इतकी वर्षं पैसे गुंतवून बसायची ताकद नसते. तो गाळे विकतो. घेणारे कोण? निवृत्तीचे पैसे आलेले प्राध्यापक, डॉक्टर, शेती विकलेला एखादा जमीनदार, इतवारीतला व्यापारी. ‘महिना खात्रीशीर परतावा’ असं छापलेलं माहितीपत्रक असतं. पहिली दोन-तीन वर्षं परतावा येतोही. बरेचदा तो किमतीतच आधी मिळवलेला असतो, म्हणजे तुमचेच पैसे हप्त्यानं परत. मुदत संपली की खरं भाडं समोर येतं.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांचा असा एक गाळा आहे. मॉलचं नाव नको. त्यांना विचारलं तर हसून सांगतात, "भाडेकरू दोन वर्षांपासून नाही ना भाऊ, पण मेन्टेनन्सचं बिल दर महिन्याले न चुकता येते. त्या गाळ्यात मीच जाऊन बसतो आता कधी कधी, पेपर वाचाले." त्यांनी ‘साडेचारशे फूट’ विकत घेतले होते. टेप लावून मोजलं तर आतली जागा जेमतेम निम्मी, बाकीचा त्यांच्या नावावरचा वाटा मार्गिकेत, जिन्यात आणि चौकात पसरलेला. तेव्हा सुपर बिल्टअपवर विक्री चालायची. रेरा कायद्यानंतर चटई क्षेत्र सांगणं बंधनकारक झालं, पण त्यांचा व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा.

आता अशा दोनशे मालकांची इमारत डोळ्यांपुढे आणा. एक मोठा ब्रँड यायला तयार आहे, पण त्याला सलग आठ हजार फूट हवेत. म्हणजे वीस-पंचवीस मालकांनी एका दरावर, एकाच वेळी सही करायची. त्यातले दोन पुण्यात, एक अमेरिकेत, एकाच्या गाळ्यावर भावाभावांत कोर्टात वाद, आणि एक जण म्हणतो "मी तर जास्तच घेईन, कोपऱ्याचा आहे माझा." ब्रँड तीन महिने वाट बघतो आणि रस्त्यावरची एखादी अख्खी इमारत घेऊन मोकळा होतो. अशा मॉलमध्ये कोणीही वाईट वागत नाही, प्रत्येक जण आपापलं हित बघतो; पण मजल्याचं हित बघणारा कोणी नसतो. ज्याला भाडेकरू सापडेल त्याला तो गाळा देतो. मग ब्रँडेड घड्याळांच्या शेजारी झेरॉक्स, त्याच्या शेजारी लग्न जुळवणी कार्यालय, पुढे टॅटू, पुढे कुलूप.

बिल्डरचं म्हणाल, तर शेवटचा गाळा विकला त्या दिवशी त्याचा या इमारतीतला रस संपलेला असतो. मी त्याला पूर्ण दोष देणार नाही, त्याचा धंदा बांधून विकण्याचाच. पण ‘मॉल’ या नावाखाली त्यानं विकलं ते एसी लावलेलं व्यापारी संकुल, हे मात्र खरं.

कर्जाचा पदर

इमारत एका मालकाकडे असली म्हणजे सुखरूप, असंही नाही. तिथं धोका दुसऱ्या बाजूनं येतो. मालक पुढच्या आठ-दहा वर्षांच्या भाड्यावर आजच कर्ज उचलतो. बँकेच्या भाषेत हे नेहमीचं आहे. भाडं येतंय तोवर हप्ता आपोआप जातो. अँकर गेला, भाडं घटलं की हप्ता थकतो, आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती दुरुस्तीला. शेवटी बँक ताबा घेते किंवा प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे जातं. त्या काळात नवीन भाडेकरू दहा वर्षांचा करार कोणाशी करणार? उद्या मालक कोण असेल हेच ठरलेलं नसतं.

नागपुरात एम्प्रेस मॉलची जागा या संदर्भात बघण्यासारखी आहे, कारण तिथं एकाच मातीवर दोन धंद्यांचे चढ-उतार झाले. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून हे नाव. कापूस विदर्भात, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. मुंबईतल्या शहाण्यांनी नावं ठेवली तरी टाटांनी नागपूरच निवडलं. कामगारांसाठी पेन्शन फंड, अपघाताची भरपाई या गोष्टी या मिलनं कायदा येण्याच्या कितीतरी आधी केल्या. १९८० च्या दशकात मिल सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये भोंगा बंद झाला. जमीन विकली गेली, भव्य मॉल आणि निवासी इमारतींचं स्वप्न उभं राहिलं. पुढे बँक कर्जांच्या प्रकरणात ईडीनं २०१९ मध्ये हा मॉल तात्पुरता जप्त केला, किंमत सांगितली होती ४८३ कोटी रुपये. आरोपांचं काय ते न्यायालय बघेल. आपल्या विषयापुरतं एवढंच, की जप्ती म्हणजे शटर खाली असं नसतं, दुकानं चालू राहू शकतात. पण जप्तीची बातमी छापून आल्यावर एखाद्या ब्रँडचा माणूस तिथं लाखो रुपयांचं फर्निचर करायला धजावत नाही.

मग रस्ता का टिकला?

बर्डीच्या रस्त्याला सामायिक खर्चच नाही, हे पहिलं उत्तर. रस्ता महापालिकेचा, दिवे महापालिकेचे. एक दुकान बंद पडलं तर शेजाऱ्याचं बिल वाढत नाही. उलट बंद शटरपुढे दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोज्यांची चादर अंथरतो. रिकामी जागा रस्त्यावर दिसतच नाही.

दुसरं उत्तर भाड्यात आहे. जुन्या दुकानांतले अनेक भाडेकरू दोन-तीन पिढ्यांचे, भाडे नियंत्रण कायद्याच्या आडोशातले. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. त्यात बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षण नाही, पण गल्ल्यावर बसलेल्या काकाजींना आहे. त्यांचं महिन्याचं भाडं मॉलमधल्या गाळ्याच्या मेन्टेनन्सपेक्षाही कमी असू शकतं. मंदीच्या वर्षात ते गप्प बसून राहू शकतात. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. जागेच्या मालकाला विचाराल तर तो कपाळावर हात मारेल.

आणि गर्दीचे प्रकार. रस्त्यावरची गर्दी कोणा एका अँकरनं आणलेली नसते. कोणी मोदी नंबर तीनच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीला आलेला, कोणी पुस्तकांना, कोणी फुलांना, कोणी फक्त बस बदलायला. एक कारण गेलं तरी बाकीची उरतात. शिवाय लग्नाचा बस्ता बांधायला गोंदिया-बालाघाटहून आलेलं कुटुंब गांधीबाग-इतवारीला जातं. त्या खरेदीत मॉल कधी नव्हताच, आणि विदर्भात घसघशीत पैसा खर्च होतो तो तिथंच.

रस्त्याचं सगळं गोड आहे असं समजू नका. फेरीवाले आणि दुकानदार यांचं भांडण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेलं आहे, आणि अडल्या वेळी ॲम्ब्युलन्स त्या रस्त्यातून कशी निघेल याचा विचारही नको वाटतो.

बाकीचे घाव

२०१६ मधली नोटाबंदी, २०१७ मध्ये जीएसटी, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं स्वस्त केलेला डेटा. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत मॉल आणि थिएटरं सगळ्यात आधी बंद झाली आणि सगळ्यात शेवटी उघडली. एसी बंद असला तरी कर्जाचं व्याज चालूच होतं. मग २०२२ च्या सुरुवातीला बिग बझारची देशभरातली दुकानं थकलेल्या भाड्यापायी रिलायन्सच्या ताब्यात गेली, आणि अनेक मॉलचा अँकर एका रात्रीत गळला. मेट्रोचं काम चालू असताना बर्डीत पत्र्यांमधून वाट काढावी लागायची. आता सीताबर्डीला दोन मार्गिका मिळतात, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्णही झाला. मेट्रोतून उतरलेला माणूस मात्र रस्त्यावर उतरतो, आणि रस्त्यावर उतरला की त्याची निम्मी खरेदी तिथंच होऊन जाते.

याच काळात शहर पसरलं. मनीषनगर, बेसा, हिंगणा रोड, कोराडी रोड इथं राहायला गेलेली मंडळी शर्ट घ्यायला बर्डीत येईनाशी झाली. मोठी दुकानंही शहाणी झाली. डी-मार्टचं धोरण सुरुवातीपासून शक्य तिथं जागा स्वतःच्या मालकीची ठेवायचं. त्याला मॉल लागतच नाही. झुडिओसारखी स्वस्त कपड्यांची साखळी रस्त्यालगतची अख्खी इमारत घेते, समोर पाटी झळकते, सामायिक मेन्टेनन्सची भानगड नाही. थोडक्यात, अँकर आहेत, ते वाढतही आहेत, पण ते मॉलच्या छताबाहेर निघून गेले.

पुढे त्या इमारतीचं काय होतं

हे काही नागपूरचंच दुखणं नाही. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलना नाइट फ्रँक ही संस्था ‘घोस्ट’ म्हणते. देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२३ मध्ये असे ६४ मॉल तिनं मोजले. मोठे, एका हातातले मॉल त्याच वर्षी भरलेले होते. लहान आणि जुने रिकामे.

रिकामा मॉल पाडत मात्र नाहीत. मालक दोनशे असले की पाडायलासुद्धा एकमत लागतं. त्याऐवजी तो हळूहळू दुसरंच काहीतरी होतो. दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचे क्लास येतात. त्यांना काच नको, गिऱ्हाईक नको, फक्त पंखा, बाकं आणि स्वस्त जागा हवी. विमा कंपनीची शाखा, डायग्नोस्टिक सेंटर, जिम, कॉल सेंटर येतं. तळमजला बहुतेक तग धरतो, कारण त्याचं तोंड रस्त्याकडे असतं आणि तो मुळात मॉलचा नसून बर्डीचाच भाग असतो. क्लासची पाचशे पोरं आली की खाली चहा, झेरॉक्स आणि पोह्याचं दुकान निघतं, आणि मेन्टेनन्स भरणारे पुन्हा वाढू लागतात. मॉल म्हणून मेलेली इमारत व्यापारी संकुल म्हणून बरी चालते, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. ज्यांनी मॉलच्या भावानं गाळा घेतला त्यांचं नुकसान मात्र त्यानं भरून येत नाही.

त्यामुळे आजही कोणी "मोक्याच्या जागी गाळा आहे, भाडं सुरू आहे" म्हणत आला, तर जागेचं कौतुक ऐकण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. इमारतीतले किती टक्के गाळे विकलेत आणि किती बिल्डरनं स्वतःकडे ठेवलेत? अँकरचा करार कधी संपतो, आणि लॉक-इन संपायला किती महिने उरलेत? मेन्टेनन्सची थकबाकी एकूण किती आहे? ती मागच्या मालकाची असली तरी वसुलीला तुमच्याच दारात येते. चटई क्षेत्र किती, हे कागदावर वाचू नका, टेप घेऊन जा. आणि मंगळवारी दुपारी तीन वाजता, कोणालाही न सांगता, वरच्या मजल्यावर चक्कर मारा. शनिवारी संध्याकाळी नेणाऱ्या एजंटाला तो वार का निवडला ते पक्कं माहीत असतं.